बिघाडाचा माग

इलेक्ट्रिक गिटार वाजवणारा कलाकार तुम्ही रंगमंचावर किंवा पडद्यावर पाहिला असेल. त्याच्या पायापाशी धातूच्या लहान लहान पेट्या मांडलेल्या असतात. मधूनच तो एखाद्या पेटीवरचे बटण पायाने दाबतो आणि गिटारचा आवाज एकदम पालटतो. आतापर्यंत स्वच्छ, टणत्कारासारखा येणारा स्वर खरखरीत, भरदार आणि लांबलेला होतो. या पेट्यांना पेडल म्हणतात आणि असा खरखरीत आवाज काढणाऱ्या पेडलला ‘फझ’ असे नाव आहे.

या लेखात आपण अशीच एक फझ पेटी उघडणार आहोत. ती बिघडलेली आहे. तिच्यातला नेमका कोणता भाग निकामी झाला ते शोधायचे आणि तो बदलायचा, एवढेच काम. तुम्हाला गिटारची आवड नसली तरी हरकत नाही. जी रीत आपण येथे वापरणार आहोत, तीच रीत बंद पडलेल्या रेडिओला, न पेटणाऱ्या सायकलच्या दिव्याला आणि प्रयोगशाळेतल्या हट्टी उपकरणालाही लागू पडते.

बिघाडातून जन्मलेला आवाज

गंमत अशी की, फझचा आवाज मुळात बिघाडातूनच जन्माला आला. अमेरिकेतील नॅशव्हिल या शहरात मार्टी रॉबिन्स या गायकाच्या ‘डोन्ट वरी’ या गाण्याचे ध्वनिमुद्रण चालू होते. ग्रॅडी मार्टिन हे वादक सहा तारांचा बास वाजवत होते. ध्वनिमुद्रणाच्या यंत्रणेतील एक रोहित्र बिघडले आणि बासचा आवाज भलताच फाटका, गुरगुरल्यासारखा उमटला. तो तुकडा फेकून न देता तसाच ठेवण्यात आला. १९६१ साली गाणे प्रसिद्ध झाले आणि त्यातला तो विचित्र आवाजच लोकांच्या ध्यानात राहिला.

ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी या बिघाडाचा विचार केला आणि रेव्हिस हॉब्ज यांच्या साहाय्याने तोच आवाज हुकमी काढणारे ट्रान्झिस्टरचे मंडल, म्हणजे सर्किट, तयार केले. गिब्सन कंपनीने १९६२ साली ते ‘मेस्ट्रो फझ-टोन’ या नावाने बाजारात आणले. १९६५ साली रोलिंग स्टोन्स या इंग्रज वाद्यवृंदाच्या ‘सॅटिस्फॅक्शन’ या गाण्यात ही पेटी वाजली आणि जगभर तिचा बोलबाला झाला. पुढच्याच वर्षी, १९६६ मध्ये, लंडनच्या आर्बिटर कंपनीने ‘फझ फेस’ नावाची वाटोळी पेटी काढली. जिमी हेंड्रिक्स या विख्यात वादकाने ती वापरली. तिचे मंडल इतके साधे आहे की आजही हौशी मंडळी ते घरी जुळवतात. आपण उघडणार आहोत ती पेटी याच मंडलावर बांधलेली आहे.

तार हलते, वीज हलते

बिघाड शोधण्याआधी यंत्र चांगले असताना काय करते, हे माहीत हवे. नाहीतर बिघडले म्हणजे काय झाले, हेच कळणार नाही.

इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली एक चुंबक आणि त्याभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. वरची तार पोलादी असते. चुंबकाजवळ असल्यामुळे ती स्वतःही चुंबकित होते. तार छेडली की ती वेढ्यांजवळ पुढेमागे हलते, वेढ्यांमधून जाणारे चुंबकीय क्षेत्र कमीजास्त होते आणि वेढ्यांत विद्युतदाब निर्माण होतो. हेच ते विद्युतचुंबकीय प्रवर्तन, जे मायकेल फॅराडे यांनी १८३१ साली दाखवून दिले आणि जे तुम्ही शाळेत शिकता. तार सेकंदाला ११० वेळा हलली तर विद्युतदाबही सेकंदाला ११० वेळा वरखाली होतो. हा दाब मात्र अगदी लहान असतो, साधारण व्होल्टचा दहावा हिस्सा.

आता हा चिमुकला दाब ट्रान्झिस्टरकडे जातो. ट्रान्झिस्टर म्हणजे पाटावरचे दार समजा. दार थोडेसे सरकवायला फार जोर लागत नाही, पण त्यामुळे पाटातून वाहणाऱ्या मोठ्या प्रवाहात भरपूर फरक पडतो. त्याचप्रमाणे ट्रान्झिस्टरच्या ‘बेस’ या पायावर आलेला लहान बदल ‘कलेक्टर’ आणि ‘एमिटर’ या दोन पायांमधून जाणाऱ्या मोठ्या विद्युतधारेला ताब्यात ठेवतो.

पण पाटात आहे त्यापेक्षा जास्त पाणी दार कुठून देणार? आपल्या पेटीत ९ व्होल्टची बॅटरी आहे. बाहेर पडणारा दाब ९ व्होल्टच्या वर चढू शकत नाही आणि शून्याच्या खालीही उतरू शकत नाही. फझमध्ये स्वर मुद्दाम इतका वाढवतात की लाटेचे माथे या छताला आणि तळ या जमिनीला आपटतात. गोलसर लाट वरून आणि खालून छाटली जाते आणि तिचा आकार जवळजवळ चौकोनी होतो.

चौकोनी लाटेत मूळ स्वराबरोबर त्याच्या तिप्पट, पाचपट, सातपट वारंवारतेचे स्वरही असतात. मूळ स्वर ११० हर्ट्झचा असेल तर ३३०, ५५० आणि ७७० हर्ट्झचे स्वर त्यात मिसळतात. कानाला भरदारपणा जाणवतो तो यामुळे. मिरजेच्या तंबोऱ्याची जवारी उघडली की एका तारेतून अनेक स्वर झंकारू लागतात, तेही असेच वरच्या पटीतल्या स्वरांमुळे. साधन वेगळे, पण कानाला मिळणारी मेजवानी त्याच जातीची.

पेटीच्या आत

झाकण काढले की दिसतात फक्त अकरा भाग. सिलिकॉनचे दोन ट्रान्झिस्टर, चार रोधक, तीन धारित्रे आणि फिरवायच्या दोन कळा. धारित्राला बाजारात कंडेन्सर किंवा कपॅसिटर म्हणतात.

स्वराचा प्रवास असा होतो. गिटारकडून आलेला स्वर पहिल्या धारित्रातून पहिल्या ट्रान्झिस्टरच्या बेसवर जातो. तेथे तो वाढतो आणि सरळ दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या बेसवर येतो. तेथे तो आणखी वाढतो, छाटला जातो आणि शेवटच्या धारित्रातून, आवाज कमीजास्त करणाऱ्या कळीतून, बाहेर पडतो.

मग तिसरे धारित्र कशासाठी? तीच खरी मौज आहे. दुसऱ्या ट्रान्झिस्टरचा एमिटर १००० ओहमच्या एका कळीतून जमिनीला, म्हणजे बॅटरीच्या ऋण टोकाला, जोडलेला असतो. ट्रान्झिस्टरमधली धारा वाढली की या १००० ओहमवरचा दाबही वाढतो आणि तो धारेच्या वाढीलाच विरोध करतो. शिवाय या एमिटरपासून १ लाख ओहमचा एक रोधक मागे पहिल्या ट्रान्झिस्टरच्या बेसकडे गेलेला असतो. त्यामुळे दोन्ही ट्रान्झिस्टरांना लगाम बसतो.

या कळीच्या सरकत्या टोकापासून जमिनीपर्यंत २० मायक्रोफॅरडचे धारित्र जोडलेले असते. धारित्र स्थिर दाबाची धारा अडवते, पण बदलत्या दाबाच्या धारेला वाट देते. २० मायक्रोफॅरडचे धारित्र ११० हर्ट्झच्या स्वराला सुमारे ७२ ओहमचाच अडथळा करते. कळ पूर्ण फिरवली म्हणजे स्वराला १००० ओहमऐवजी ७२ ओहमची आडवाट मिळते. लगाम सुटतो, स्वर चौखूर उधळतो आणि फझ गर्जू लागते. कळ शून्यावर असली की ही आडवाट मिळत नाही आणि लगाम कायम राहतो.

एवढे ध्यानात ठेवा. पुढचा सारा शोध यावरच अवलंबून आहे.

दोन नवे ट्रान्झिस्टर, तरी आवाज तोच

आमच्या महाविद्यालयातल्या एका विद्यार्थ्याने स्नेहसंमेलनाच्या चार दिवस आधी अशी एक पेटी माझ्याकडे आणली. ती त्याच्या काकांनी पंचवीस वर्षांपूर्वी स्वतः जुळवलेली होती आणि बरीच वर्षे पत्र्याच्या छपराखाली माळ्यावर पडून होती. गिटार लावली की आवाज यायचा, पण अगदी मिळमिळीत. फझची कळ या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवली तरी काही फरक पडत नव्हता.

“सर, मी दोन्ही ट्रान्झिस्टर बदलून पाहिले,” तो म्हणाला.

“का बरे?”

“सगळे म्हणतात, आधी ट्रान्झिस्टरच जातात.”

मित्रांनो, अशी दुरुस्ती म्हणजे आंधळी कोशिंबीर. भाग बदलला आणि यंत्र चालले, तर आपल्याला काही शिकायला मिळत नाही. भाग बदलला आणि यंत्र चालले नाही, तर संकट दुप्पट होते. एक बिघाड आधीचा असतोच. त्यात सोल्डरिंगच्या उष्णतेने छापील तांब्याची पट्टी सुटणे किंवा ट्रान्झिस्टरचे पाय उलटे बसणे यांचीही भर पडू शकते. उदाहरणार्थ, बीसी ५४७ आणि २एन ३९०४ हे दोन ट्रान्झिस्टर दिसायला जुळे भाऊ आहेत. सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले, तर पहिल्याचे पाय डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असे येतात. दुसऱ्याचे बरोबर उलट क्रमाने. सुदैवाने या मुलाने पाय बरोबर बसवले होते.

तेव्हा आमचा नियम ठरला. आता सोल्डरिंग आयर्न तापवायचे ते सर्वांत शेवटी. आधी प्रश्न विचारायचे. आणि प्रश्न असा हवा की, त्याच्या उत्तराने संशयितांची यादी लहान व्हावी.

पहिला प्रश्न: पेटीबाहेर तर काही नाही ना?

गिटार आणि ध्वनिवर्धक सरळ एकमेकांना जोडले. आवाज खणखणीत आला. म्हणजे गिटार, तारा आणि ध्वनिवर्धक निर्दोष ठरले. मग बॅटरीचा दाब मोजला, तोही पेटी चालू असताना. हे महत्त्वाचे आहे. थकलेली बॅटरी नुसती मोजली तर पुष्कळदा चांगला आकडा दाखवते आणि काम पडले की बसते. आमची बॅटरी चालू पेटीतही ९ व्होल्ट दाखवत होती.

जाता जाता एक उपयुक्त गोष्ट. बहुतेक पेडलांना वेगळे चालू-बंद बटण नसते. गिटारची तार पेटीत खोचली की तिच्या धातूच्या दांड्यामुळेच बॅटरीचे मंडल पूर्ण होते. म्हणून काम झाल्यावर तार खोचलेली राहिली तर बॅटरी रात्रभरात संपू शकते. कित्येक ‘बिघाड’ एवढेच असतात.

दुसरा प्रश्न: स्थिर दाब योग्य आहेत का?

आता मल्टिमीटर २० व्होल्टच्या मापावर ठेवून काळे टोक जमिनीला लावले आणि लाल टोकाने ट्रान्झिस्टरच्या एकेका पायावरचा दाब पाहिला. पण मोजण्याआधी काय आकडे यायला हवेत, ते कागदावर लिहिले. हे गणित तुम्हीही करू शकाल.

सिलिकॉन ट्रान्झिस्टर चालू असताना बेस आणि एमिटर यांत सुमारे ०.६ ते ०.७ व्होल्ट असतो. पहिल्याचा एमिटर जमिनीला आहे. म्हणून त्याचा बेस सुमारे ०.६ व्होल्टवर हवा. त्या बेसला १ लाख ओहममधून अगदी थोडी धारा मिळते, म्हणून दुसऱ्याचा एमिटर त्याहून किंचित वर, समजा ०.७ व्होल्टवर हवा. हा दाब १००० ओहमवर आहे. ओहमच्या नियमाने धारा झाली ०.७ मिलिअँपिअर. हीच धारा कलेक्टरकडच्या ८२०० आणि ३३० ओहमच्या रोधकांतूनही जाते. त्यांवर ०.७ मिलिअँपिअर गुणिले ८५३० ओहम, म्हणजे सुमारे ६ व्होल्ट पडतात. बॅटरीच्या ९ मधून ६ गेले, उरले ३. म्हणून दुसऱ्या कलेक्टरवर सुमारे ३ व्होल्ट हवेत.

प्रत्यक्षात मल्टिमीटरने बेसवर ०.६, एमिटरवर ०.६७ आणि कलेक्टरवर ३.३ व्होल्ट दाखवले. गणिताशी पुरेसे जुळणारे!

हे आकडे केवढे बोलके आहेत पाहा. पहिला ट्रान्झिस्टर निकामी असता तर दुसरा पूर्ण उघडला असता आणि त्याच्या कलेक्टरवर जेमतेम १ व्होल्टच्या आसपास दाब राहिला असता. दुसराच निकामी होऊन त्याने धारा सोडली नसती, तर तेथे बॅटरीचे पूर्ण ९ व्होल्ट दिसले असते. एखादा रोधक तुटला असता तरी गणित बिघडले असते. म्हणजे दोन्ही ट्रान्झिस्टर आणि चारही रोधक एका फटक्यात निर्दोष ठरले. एकही भाग न काढता!

मग उरले कोण? ज्यांची वाट स्थिर दाबाच्या धारेला बंदच असते ते, म्हणजे तीन धारित्रे. ती कोरडी पडून निकामी झाली तरी स्थिर दाबाच्या आकड्यांत त्याचा पत्ता लागत नाही.

तिसरा प्रश्न: लक्षणे काय सांगतात?

येथे नुसता विचार करूनच पुढे जाता येते. आत येणारे किंवा बाहेर जाणारे धारित्र तुटले असते, तर स्वराची वाटच बंद झाली असती. येथे स्वर येत होता, पण मिळमिळीत. तेव्हा ती दोन्ही सुटली. राहिले २० मायक्रोफॅरडचे, लगाम सोडणारे धारित्र. ते नाहीसे झाले तर काय होईल? कळ कुठेही फिरवा, स्वराला आडवाट मिळणारच नाही. फझ सतत शून्यावर असल्यासारखी वाजेल. लक्षण तंतोतंत जुळले.

पण थांबा. लक्षण जुळले म्हणजे गुन्हेगार सापडला, असे नाही. हेच लक्षण आणखी एका बिघाडातही दिसेल. कळीच्या आतला सरकता स्पर्श धुळीने किंवा गंजाने सुटला असेल, तरीही आडवाट बंदच! म्हणजे संशयित दोन. आता असा प्रयोग हवा की, एकाच्या बाबतीत त्याचे उत्तर ‘होय’ येईल आणि दुसऱ्याच्या बाबतीत ‘नाही’.

तो प्रयोग सोपा आहे. चांगल्या स्थितीतले २२ मायक्रोफॅरडचे धारित्र घेतले आणि जुन्याच्या दोन्ही टोकांना, समांतर, नुसते टेकवून धरले. धन टोक कळीकडे, ऋण टोक जमिनीकडे. जुने धारित्र कोरडे पडले असेल तर नवे त्याचे काम लगेच सुरू करील. कळीचा स्पर्श सुटला असेल तर नव्याच्या हाती काहीच लागणार नाही आणि आवाज होता तसाच राहील.

विद्यार्थ्याने तार छेडली. मी धारित्र टेकवले. त्या क्षणी प्रयोगशाळा गर्जनेने भरून गेली आणि शेजारच्या वर्गातले प्राध्यापक दारात येऊन उभे राहिले. कळ निर्दोष, धारित्र दोषी. निकाल लागला.

मात्र ही युक्ती धारित्र कोरडे पडले असेल तरच चालते. धारित्राची आतली भिंत फुटून दोन टोके एकमेकांना चिकटली असतील, तर समांतर जोडून उपयोग होत नाही. पण तसे असते तर कळ पूर्ण फिरवताच दुसऱ्या एमिटरवरचे ०.७ व्होल्ट शून्यावर आले असते आणि मल्टिमीटरने ते आधीच सांगितले असते.

आवाज मुळीच येत नसेल तर

पेटी पूर्ण मुकी असेल तर आणखी एक साधन हाताशी हवे. ध्वनिवर्धकाकडे जाणाऱ्या तारेच्या टोकाला ०.१ मायक्रोफॅरडचे धारित्र जोडा. ही झाली ऐकणारी तार. पेटीत गिटारचा स्वर सोडा आणि या तारेने वाटेतल्या एकेका ठिकाणी कान द्या. टोकाचे धारित्र पेटीतला स्थिर दाब अडवते आणि फक्त स्वर पुढे जाऊ देते.

पण कान द्यायची सुरुवात एका टोकापासून करू नका. मधोमध करा. पहिल्या कलेक्टरवर स्वर ऐकू आला तर अलीकडचा अर्धा भाग चांगला. नाही आला तर बिघाड अलीकडेच. उरलेल्या अर्ध्याचे पुन्हा दोन भाग करा. सोळा ठिकाणे असतील तर चार प्रश्नांत बिघाड हाती लागतो, कारण दोनाचा चौथा घात सोळा. हजार ठिकाणे असली तरी दहा प्रश्न पुरतात. शब्दकोशात शब्द शोधताना तुम्ही हेच करता.

धारित्र कोरडे का पडते?

हे धारित्र पाहा. ॲल्युमिनियमची लहानशी डबी. तिच्या आत ॲल्युमिनियमच्या वर्खाच्या दोन पट्ट्या आणि त्यांच्यामध्ये द्रवात भिजलेला कागद, अशी गुंडाळी असते. एका वर्खावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर चढवलेला असतो. हाच थर वीज अडवणारी भिंत होय. भिंत जितकी पातळ, तितकी धारकता जास्त. म्हणूनच एवढ्याशा डबीत २० मायक्रोफॅरड मावतात.

वर्ख खडबडीत केलेला असतो. त्याच्या खाचाखोचांत शिरून थराला सगळीकडून भिडते ते कागदातले द्रव. खरे पाहता दुसरी पट्टी म्हणजे हे द्रवच. डबीचे तोंड रबराने बंद केलेले असते, पण वर्षानुवर्षे त्यातून द्रवाची वाफ हळूहळू निसटते. द्रव आटले की स्पर्श तुटतो आणि धारकता घसरते. उष्णतेने हे काम झपाट्याने होते. तापमान १० अंश सेल्सिअसने वाढले की अशा धारित्राचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा अभियंत्यांचा ठोकताळा आहे. उन्हाळ्यात पत्र्याखालचा माळा किती तापतो, हे वेगळे सांगायला नको.

आम्ही ते धारित्र काढून मोजले. डबीवर २० मायक्रोफॅरड लिहिलेले होते, भरले ०.१ मायक्रोफॅरडहूनही कमी. एवढे धारित्र ११० हर्ट्झच्या स्वराला १४ हजार ओहमहून अधिक अडथळा करते. शेजारी १००० ओहमची वाट असताना या वाटेने कोण जाईल?

बदलताना घ्यायची काळजी

आता आयर्न तापवायला हरकत नाही. २५ वॉटचे पुरते. आधी बॅटरी काढा. जुने धारित्र कोणत्या दिशेने बसले आहे, याचे चित्र काढून ठेवा. अशा धारित्राला धन आणि ऋण टोक असते. नव्याचा लांब पाय धन असतो आणि डबीवरच्या पट्ट्याची बाजू ऋण. उलटे जोडले तर ऑक्साइडचा थर खराब होतो, धारित्र तापते आणि फुटूही शकते.

२० ऐवजी २२ मायक्रोफॅरडचे चालते, कारण या जातीच्या धारित्रांत २० टक्क्यांचा फरक गृहीतच असतो. सहन करायचा दाब मात्र बॅटरीपेक्षा जास्त हवा. ९ व्होल्टच्या पेटीत १६ किंवा २५ व्होल्टचे घ्या. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा तुमच्या गावच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात ते अगदी थोड्या पैशांत मिळते.

जुना डाख, म्हणजे दुकानात सोल्डर म्हणून मिळतो तो मिश्रधातू, वितळवून पंपाने किंवा तांब्याच्या वेणीने शोषून घ्या. धारित्र ओढू नका. डाख पातळ झाला की ते आपोआप सुटते. नवे बसवताना आयर्नचे टोक पट्टी आणि पाय या दोहोंना एकदम टेकवा, दोनतीन सेकंद थांबा आणि डाखाची तार आयर्नला नव्हे, तर सांध्याला लावा. सांधा तापलेला असेल तर डाख पाण्यासारखा पसरतो आणि चकाकतो. गोळा होऊन बसला तर सांधा कच्चा. कथिल आणि शिसे यांचा नेहमीचा डाख १८३ अंश सेल्सिअसला वितळू लागतो, तेव्हा बोटे सांभाळा. त्यात शिसे असल्याने काम झाल्यावर हात साबणाने धुवा, आणि धूर नाकात जाऊ नये म्हणून खिडकी उघडी ठेवा.

सर्वांत महत्त्वाची सूचना: हे सारे प्रयोग फक्त बॅटरीवर चालणाऱ्या उपकरणांवर करा. घरातल्या विजेवर चालणारा ध्वनिवर्धक कधीही उघडू नका. त्यातली मोठी धारित्रे, वायर काढल्यानंतरही, जीवघेणा दाब धरून ठेवू शकतात.

त्या विद्यार्थ्याची पेटी स्नेहसंमेलनात वाजली. पण त्याहून मोलाची गोष्ट त्याच्या वहीत राहिली. वहीच्या एका पानावर दोन रकाने आहेत: ‘काय यायला हवे’ आणि ‘काय आले’. बिघाडाचा माग काढण्याचे सारे शास्त्र या दोन रकान्यांत मावते. पहिला रकाना भरायला यंत्राचे ज्ञान लागते, दुसरा भरायला प्रामाणिक मापन. दोहोंत फरक पडला की बिघाड कुठे पाहायचा ते कळते आणि फरक पडला नाही की कुठे पाहायचे नाही ते कळते.

तुमच्या घरातली एखादी बंद पडलेली विजेरी घ्या. सेल, बल्ब, बटण, स्प्रिंग आणि पत्र्याची पट्टी, एवढेच तिचे भाग. नवा सेल घालण्याआधी कागदावर दोन रकाने आखा आणि किती प्रश्नांत बिघाड सापडतो ते मोजा.